वरच्या गावाची वाट

शेजारच्या आजींनी मला विचारलं तेव्हा मी कचऱ्याचे डबे आत घेत होते. कुंपणापलीकडून त्यांनी हाक मारली आणि म्हणाल्या, "तू रोज सकाळी एवढी चालतेस. तुला डोंगर चढता येतो का?"

"सवय नाही, पण चढेन. का?"

"मला माझ्या गावी जायचंय. मुलगा नेत नाही. म्हणतो, तिथे आता आहे काय."

त्यांचं गाव दक्षिण इटलीत, नेपल्सच्या पूर्वेला डोंगरात होतं. नवऱ्याला बेडफर्डजवळच्या विटांच्या भट्टीवर काम मिळालं, म्हणून त्या लग्न होऊन इंग्लंडला आल्या. तेव्हा त्यांना वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या भागातली कितीतरी माणसं त्या काळी या भट्ट्यांवर आली होती. आता भट्ट्या बंद पडल्या होत्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मिल्टन कीन्समधल्या आमच्या शेजारच्या घरात त्या एकट्याच राहत होत्या. आमच्या मुलीने त्यांना आजी म्हणायला सुरुवात केली आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांनाही या शब्दाचा अर्थ माहीत होता.

माझं चालणं आई गेल्यानंतर सुरू झालं. आम्ही नागपूरचे. आई गेली त्या आठवड्यात आमचे पासपोर्ट व्हिसा वाढवण्यासाठी दिलेले होते. परत मागवले असते तरी मी वेळेत पोचले नसते. भावाने व्हिडिओ कॉल लावून दिला. घर बायकांनी भरलं होतं, भंतेजी आले होते, त्रिसरण सुरू होतं. मग भावाला कोणीतरी बोलावलं, त्याने फोन कुठेतरी ठेवला आणि मला बराच वेळ फक्त छताचा पंखा दिसत राहिला. आवाज येत होते. कोणाचे ते कळत नव्हतं. पंखा बंद होता.

त्या दिवशी या आजी मागच्या दाराने आत आल्या. त्यांनी सिंकमधली भांडी घासली, पुसली आणि भलत्याच कपाटात लावून ठेवली. निघताना म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा मीही इथेच होते." मी पुढे काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून मी सकाळी घराबाहेर पडू लागले. आमच्याकडे रेडवे आहेत, पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी केलेले लालसर रस्ते. मोठ्या रस्त्यांच्या खालून, झाडांच्या मागून जातात. डोंगर नाहीत, चढ म्हणावा असा चढही नाही. तासभर चालून कामाला बसायचं, एवढंच.

मधे काही वर्षं गेली होती, आणि आता माझ्या हातात ब्रिटिश पासपोर्ट होता. कुठेही जायला अडचण नव्हती. त्याचा आनंद व्हायला हवा होता, तसा काही झाला नाही.

माझा नवरा म्हणाला, "त्या पडल्या-बिडल्या तर जबाबदारी तुझ्यावर येईल. इन्शुरन्स तरी बघ आधी."

मुलगी इथेच जन्मलेली. ती म्हणाली, "मम्मा, तो आजी खूप म्हातारा आहे. हिलवर नको नेऊ."

"ती आजी म्हण," मी म्हटलं. इन्शुरन्स काढला, चार दिवस सुट्टी टाकली, आणि ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही दोघी निघालो.

नेपल्सच्या विमानतळावर गाडी भाड्याने घेतली. शहर सुटल्यावर सपाट शेतं लागली, मग रस्ता वर चढू लागला. मी मनात सह्याद्रीसारखं काहीतरी धरून गेले होते. हे डोंगर तसे नव्हते. मातीचे, मऊ, एकामागे एक सरकलेले, नुकतेच नांगरलेले. ढेकळं ओली आणि राखाडी. प्रत्येक डोंगराच्या माथ्यावर दाटीने बसलेलं एक गाव, आणि गावांच्या मधल्या कड्यांवर रांगेने पवनचक्क्या. आजी खिडकीतून बघत होत्या. गावांची नावं पाट्या यायच्या आधी सांगत होत्या. पवनचक्क्यांबद्दल मात्र काही बोलल्या नाहीत.

गावात त्यांची धाकटी बहीण होती. तीही पंचाहत्तरीच्या पुढची. लग्न केलं नव्हतं. हे सगळं आजींनी मला गाडीत सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "ती माझ्याशी बोलत नाही."

"कधीपासून?"

"भूकंपापासून."

आजींची मुलं शाळेत होती त्या काळात त्या भागात मोठा भूकंप झाला होता. गाव डोंगराच्या माथ्यावर होतं, ते पडलं. नंतर सरकारने खाली उतारावर नवं गाव बांधलं आणि वरचं तसंच सोडून दिलं. आजींची आई त्या भूकंपात गेली.

बहिणीने दार उघडलं. काळा स्वेटर, बारीक अंगकाठी, डोळे अगदी आजींचे. तिने आजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मला हाताला धरून आत नेलं. आजी मागून आल्या. टेबलावर तीन ताटं मांडलेली होती. बीन्सचं सूप, पाव, चीज. ती मला वाढत राहिली, खुणेने आणखी घे म्हणत राहिली. आजींच्या ताटातही तिने वाढलं, पण त्यांच्याकडे न बघता. आजी त्यांच्या बोलीत काहीतरी विचारत. ती उत्तर द्यायची ते माझ्याकडे तोंड करून. मला त्यातला एक शब्दही कळत नव्हता आणि मी मान हलवत होते.

आम्ही गावातल्या बारच्या वर एक खोली घेतली होती. रात्री आजी पलंगावर बसून म्हणाल्या, "घरात घेतलं हेच पुष्कळ झालं."

पहिले दोन दिवस त्या सकाळी उशिरा उठायच्या, आणि तोवर मी एकटी फिरायला जायचे. गावाच्या टोकाला रस्ता संपून पायवाट सुरू व्हायची. दगडांवर आणि झाडांच्या खोडांवर लाल-पांढऱ्या रंगाचे पट्टे काढलेले होते. ते धरून चालायचं. वाट ओकच्या झाडीतून वर जायची, मग चेस्टनटची झाडं, खाली काटेरी टरफलांचा थर. त्यापुढे एकदम मोकळं गवत. पूर्वी मेंढपाळ हिवाळ्याला कळप घेऊन खाली समुद्राकडे जायचे, त्यांचा तो रुंद गवताळ मार्ग. आता त्याच्यावरून कोणी जात नव्हतं. माथ्यावर लोखंडी क्रूस होता आणि वारा इतका होता की जॅकेटची टोपी डोक्यावर टिकेना.

तिथून सगळा प्रदेश दिसायचा. दरीत धुकं भरलेलं, आणि त्यातून गावांचे माथे तेवढे वर आलेले. फोटो काढण्यासारखं होतं, मी काढलेही. पण दुसऱ्या दिवशी खाली उतरताना एका वेगळ्या गावातून आले तेव्हा पाहिलं, घरापाठोपाठ घर बंद. दारांवर विकण्याच्या पाट्या, त्यांचाही रंग उडालेला. एका खिडकीत कुंड्या होत्या आणि त्यातली रोपं सुकून काडी झाली होती. मी अख्ख्या गावातून चालले, एक कुत्रं तेवढं भेटलं.

त्याच दिवशी परत येताना धुकं वर चढलं आणि मला रंगाचे पट्टे दिसेनात. गायींच्या घंटा ऐकू येत होत्या, म्हणून त्या दिशेने गेले. गायींमागे पगडी घातलेला एक माणूस उभा होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

त्याने हिंदीत विचारलं, "इथे कुठून?"

"लंडनकडून. मूळची नागपूरची."

तो पंजाबचा होता. खालच्या एका डेअरीवर कामाला. त्याने मला वाटेपर्यंत आणून सोडलं. मी वरच्या जुन्या गावाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, पुढून जाळी लावलीय, पण मागून खेचरांची जुनी वाट आहे, तिथे जाळी पडलेली आहे. मग निरोप घेताना त्याने विचारलं, "तुमच्याकडे काम मिळतं का, बहनजी? कागद नसतील तर?"

"सध्या अवघड आहे," मी म्हटलं. तो बरं म्हणाला आणि गायींकडे गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजी लवकर तयार होऊन बसल्या होत्या. बूट नवे, मिल्टन कीन्सच्या शॉपिंग सेंटरमधून घेतलेले. आम्ही बारच्या बाहेर आलो तर समोर बहीण उभी. हातात काठी, डोक्याला रुमाल. कोणी तिला सांगितलं होतं कोण जाणे. ती वळली आणि पुढे चालू लागली. आम्ही तिच्या मागून निघालो.

खेचरांची वाट म्हणजे दगड बसवलेला अरुंद चढ होता. दगड झिजून गुळगुळीत झालेले, त्यांवर ओली पानं. मी आजींचा हात धरला होता. त्या थोडं चालायच्या, थांबायच्या, पुन्हा चालायच्या. बहीण पुढे. आम्ही थांबलो की तीही थांबायची, पण वळून बघायची नाही. पाठमोरी उभी राहायची, काठी टेकून. आमची पावलं ऐकू आली की पुन्हा निघायची. अर्ध्या वाटेवर दगडी हौद होता, गुरांना पाणी पाजायचा. आजी त्याच्या कडेला टेकल्या. त्यांना धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते.

मी म्हटलं, "आजी, इथूनच परत फिरू. दिसतंय ना इथून."

"इथून काय दिसतंय," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

वर पोचलो तेव्हा हलका पाऊस सुरू झाला होता. पंजाबी माणसाने सांगितलं होतं तशी जाळी एका जागी आडवी झालेली होती. बहिणीने काठीने ती दाबून धरली, आम्ही ओलांडली. गाव म्हणावं असं काही उरलं नव्हतं. भिंती होत्या, छपरं नव्हती. खोल्यांच्या आत अंजिराची झाडं वाढलेली. एका भिंतीवर खुंटी होती, खाली जमीनच नव्हती. आजी ओळखू पाहत होत्या. एका कोपऱ्याशी थांबून त्यांनी डावीकडे वळायला पाऊल उचललं, तर बहीण त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि उजवीकडे वळली. आजी आपल्या घराची वाट चुकल्या होत्या.

घराचं दार शिल्लक होतं, म्हणजे दगडी चौकट. मी बाहेर थांबले. त्या दोघी आत गेल्या. बहिणीने काठीने एक जागा दाखवली. मग ती बोलू लागली. तीन दिवसांत मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. आवाज चढला नाही. सपाट आवाजात, एकेक वाक्य, मधे थांबून. आजी एकदाच काहीतरी म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला. बहीण पुढे बोलत राहिली. मी चौकटीला पाठ लावून पावसात उभी होते. समोर तेच डोंगर, त्याच पवनचक्क्या. आपण इथे असायला नको होतं असं मला वाटलं.

ती काय बोलली ते आजींनी मला संध्याकाळी खोलीत सांगितलं.

भूकंप झाला तेव्हा बहीण खाली गोठ्यात होती म्हणून वाचली. आईला तिने आणि शेजारच्या दोघांनी हातांनी बाहेर काढलं. तेव्हा कोणाकडे काही नव्हतं, पाणीसुद्धा नाही. बहिणीने त्या हौदावरून बादली भरून आणली आणि आईला एकटीने धुतलं. केसांतली माती निघेना. ती पुन्हा खाली गेली, पुन्हा पाणी आणलं. आपली मोठी बहीण येईल म्हणून तिने पुरायचं लांबवलं. मग लोकांनी ऐकलं नाही.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"फोन लागत नव्हते. रस्ते बंद आहेत असं रेडिओवर सांगत होते. नवरा म्हणाला, नक्की काय ते कळू दे, मग जा. मी थांबले." आजी हातातल्या रुमालाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. "बेडफर्डची बाकीची माणसं निघाली होती, गाड्या काढून. त्यांना रस्ते बंद नव्हते. मी आले तोवर कबरीवरची मातीसुद्धा सुकली होती."

"आज तुम्ही तिला हे सांगितलंत का?"

"तिला माहीत आहे. ती म्हणाली, मला तुझा राग नाही, पण तू समोर आलीस की मला ते केस आठवतात, म्हणून तू येऊ नकोस."

त्या दिवशी वरून उतरताना आजींचे गुडघे साथ देईनात. दगड निसरडे झाले होते. मी एका बाजूने धरलं, तरी त्या घसरत होत्या. बहीण मागे फिरली, काठी माझ्याकडे दिली आणि दुसऱ्या बाजूने आजींना दंडाला धरलं. तशा आम्ही तिघी खाली उतरलो. वाट अरुंद, म्हणून कधी ती पुढे, कधी मी मागे. पण तिने दंड सोडला नाही. हौदापाशी कोणी थांबलं नाही. डांबरी रस्ता लागला, तशी तिने हात काढून घेतला, माझ्याकडून काठी घेतली आणि आपल्या घराच्या दिशेने निघून गेली. त्या रात्री तिने जेवायला बोलावलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या लोखंडी क्रूसाच्या माथ्यावर गेले. झोप लागलीच नव्हती. धुकं नव्हतं, लांबवर सगळं स्वच्छ होतं. भारतात दुपार झाली असेल असा हिशेब करून मी भावाला फोन लावला. तो बँकेत असतो.

"काय गं ताई, या वेळेला? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. मी इटलीत आले आहे, शेजारच्या आजींबरोबर." वाऱ्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागत होतं. "एक विचारू? आईला आंघोळ कोणी घातली होती?"

मागे नोटा मोजायच्या यंत्राचा आवाज येत होता.

"काकू होत्या," तो म्हणाला. "वस्तीतल्या बायका होत्या. मावशी नंतर आली. का?"

"असंच."

"आता काय काढतेस, ताई, ते?"

"तुझ्याकडून कधी ऐकलंच नाही."

"तेव्हा विचारायचं होतंस. तेव्हा मी सांगितलं असतं. रोज वाटायचं तू विचारशील." मागून कोणीतरी त्याला सर म्हणून हाक मारली. "कस्टमर आहे समोर. संध्याकाळी करतो फोन."

संध्याकाळी आम्ही विमानात होतो. उतरल्यावर फोन सुरू केला, त्याचा कॉल नव्हता. दिवाळीला बोललो तेव्हा त्याने मुलांच्या शाळेचं सांगितलं, मी इथल्या थंडीचं सांगितलं. तो विषय त्यानेही काढला नाही आणि मीही.

परत आल्यावर आजी फारशा बाहेर दिसेनाशा झाल्या. मी चहाला गेले तर बसायच्या, पण गावाबद्दल बोलायच्या नाहीत. त्यांच्या मुलाला मी फोटो पाठवले, डोंगरांचे, गवताळ मार्गाचे. त्याने अंगठा पाठवला. जानेवारीत त्यांना स्ट्रोक आला. मी कामावर होते. अँब्युलन्स येऊन गेली ते समोरच्या घरातल्या बाईंनी सांगितलं.

त्या वाचल्या, पण इंग्रजी गेलं. साठ वर्षं बोललेली भाषा एका सकाळी गेली आणि गावची बोली तेवढी उरली. मुलाने त्यांना बेडफर्डजवळच्या केअर होममध्ये ठेवलं. मुलाचा जन्म इथला. घरात बोली ऐकलेली, पण त्याला अर्धीच कळते. तो एकदा मला तिथल्या पार्किंगमध्ये भेटला. म्हणाला, "मी मावशीला फोन केला होता. तिने एवढंच विचारलं, जेवते का."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"जेवते म्हटलं. तिने फोन ठेवला."

शेजारचं घर उन्हाळ्यात विकलं गेलं. एक तरुण जोडपं आलं आहे, चांगलं आहे. मी महिन्यातून दोनदा बेडफर्डला जाते. आजी खिडकीपाशी खुर्चीत असतात. मला ओळखतात असं वाटतं, कारण मी बसले की बोलू लागतात. बराच वेळ बोलतात, सपाट आवाजात, मधे थांबून, माझ्याकडे बघून, जणू मला सगळं कळतंय. मी ऐकत राहते. मागच्या खेपेला एक तरुण केअरर आत आली आणि तिने विचारलं, "काय म्हणतायत त्या? तुम्ही फॅमिली आहात ना?"

"नाही," मी म्हटलं. "शेजारी होते. मला नाही कळत."

"पाणी मागत असतील."

असतील, मी म्हटलं. तिने पेला भरला, मी तो त्यांच्या ओठांना लावला. त्या थोडं प्यायल्या, पेला हाताने बाजूला केला, आणि पुन्हा बोलू लागल्या.